पडद्यावरचे पाताळ, कोयनेचे पाताळ

१९५१ साली हॉलिवूडमध्ये 'सुपरमॅन अँड द मोल मेन' नावाचा जेमतेम तासाभराचा, स्वस्तात उरकलेला एक चित्रपट निघाला. एका आडगावाबाहेर जगातली सर्वांत खोल तेलविहीर खणली जाते, सुमारे सहा मैलांची. काम थांबते, विहिरीचे तोंड तसेच राहते आणि रात्री त्यातून बुटकी, टकली, केसाळ अंगाची माणसे वर येतात. ती कोणाला काही करत नाहीत. त्यांनी हात लावलेली वस्तू अंधारात चमकते, एवढेच. पण गाव भेदरते आणि बंदुका घेऊन त्यांच्या मागे लागते. सुपरमॅनचे निम्मे काम पाताळवासीयांपासून माणसांना वाचवण्याचे नसून माणसांपासून पाताळवासीयांना वाचवण्याचे आहे. अखेर ती मंडळी खाली परततात आणि जाताना विहीर उडवून देऊन वाट कायमची बंद करतात.

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, कोयना धरणाच्या दक्षिणेला गोठणे नावाचे गाव आहे. २०१६च्या अखेरीपासून २०१७च्या जूनपर्यंत तिथे एक छिद्र पाडले गेले. त्याची खोली तीन किलोमीटर. हेतू तेलाचा नव्हता आणि पाण्याचाही नव्हता. ज्या खडकात भूकंप जन्मतात तो खडक हाताला लागावा, एवढ्यासाठी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने हा खटाटोप केला. त्याचा कारभार कराडजवळच्या हजारमाचीत उभारलेल्या भूभौतिकी प्रयोगशाळेतून चालतो.

सिनेमातल्या विहिरीपासून गोठण्याच्या छिद्रापर्यंतच्या वाटेवर हा लेख आहे. पाताळावरचे विज्ञानपट भूशास्त्राच्या कसोटीवर लावले तर बहुतेक सगळे नापास होतील. तरीही त्यांत कोयनेच्या इतिहासाशी जुळणारे असे काही आहे, जे भूशास्त्राच्या अहवालांत सापडत नाही. खाली कोण आहे आणि त्याला तिथे कोणी ढकलले, हा प्रश्न या चित्रपटांनी सतत विचारला. कोयनेच्या संदर्भात तो अजून मिटलेला नाही.

मराठी वाचकाला पाताळ परके नाही, आणि दिवाळीत तर नाहीच. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताल अशी सात तळघरे पुराणांनी मोजून ठेवली आहेत. ती काळोखीही नाहीत. विष्णुपुराणातला नारद पाताळ पाहून परततो तेव्हा ते स्वर्गाहून रमणीय असल्याची ग्वाही देतो. नागांच्या मण्यांचा प्रकाश तिथे आहे. सुतलात बळी राजा राहतो. त्याला तिथे कसे पाठवले ते सर्वांना ठाऊक आहे आणि पाडव्याला त्याचे राज्य पुन्हा येवो असे आपण म्हणतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त ही कथा उलटी करून वाचली: जो खाली गेला तो इथला, शेतकऱ्यांचा राजा होता, आणि ज्याने ढकलले त्याचा जाब विचारला पाहिजे. फुल्यांचे मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यातलेच. पाताळ म्हणजे हरवून टाकलेल्यांचा प्रदेश, हा अर्थ या भागाला सिनेमाकडून शिकावा लागला नाही.

जमिनीखालच्या जागाही इथे पूर्वीपासून आहेत. साताऱ्याजवळच्या लिंब गावी वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधवलेली बारा मोटांची विहीर पाहावी. पायऱ्या उतरून गेल्यावर विहिरीच्या पोटातच दालन लागते, आणि एखाद्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शकाला हेवा वाटावा असा उजेड तिथे पडतो. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची पेवे होती. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढे, पोट मात्र प्रशस्त. हळद त्यात वर्षानुवर्षे टिकायची, कारण हवा नसल्याने कीड जगत नसे. आणि त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा जीव घेते हे हमालांना कोणत्याही शास्त्रज्ञाआधी माहीत होते. २००५च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि तो व्यवहार जवळजवळ संपला. जाता जाता एक गंमत: या दोन जिल्ह्यांत जुन्या माणसांसमोर 'भूमिगत' म्हटले की त्यांना तळघर आठवत नाही, क्रांतिसिंह नाना पाटील आणि १९४२ नंतरचे प्रतिसरकार आठवते. ते भूमिगत उसाच्या फडांत आणि लोकांच्या घरांत राहिले. जमिनीखाली कोणी गेले नाही.

आता पडद्याकडे. पाताळपटांचे दोन वंश आहेत. एक फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नचा, दुसरा इंग्रज एच. जी. वेल्सचा.

व्हर्नची पृथ्वीच्या पोटातली सफर १८६४ सालची. आइसलँडच्या थंड झालेल्या ज्वालामुखीतून तिघे जण उतरतात, खडकांचे थर ओलांडत जातात आणि त्यांना आतला समुद्र, राक्षसी अळंबी, नामशेष झालेले प्राणी भेटतात. इथे खोली म्हणजे काळ: जेवढे खाली जाल तेवढे मागे जाल. १९५९ साली हेन्री लेविनने त्यावर केलेला रंगीत चित्रपट आजही पाहवतो. जेम्स मेसनचा तिरसट प्राध्यापक आणि बर्नार्ड हरमनचे संगीत हे त्याचे बळ. त्यातले प्रागैतिहासिक सरडे म्हणजे पाठीवर पंख चिकटवलेले इग्वाना होते, हे कळल्यावर मजा कमी होत नाही, वाढते. पुढे १९७६चा 'ॲट द अर्थ्स कोअर' आणि २००३चा 'द कोअर' याच वंशातले. दोन्हींत माणसे यंत्रात बसून खडक पोखरत खाली जातात. करमणूक म्हणून ठीक, पण या वंशात खाली बहुधा कोणी शेजारी नसतो. असतात ती प्रेक्षणीय स्थळे.

वेल्सचा वंश वेगळा. 'द टाइम मशीन' या १८९५च्या कादंबरीत वर उन्हात बागडणारे नाजूक लोक आहेत आणि खाली यंत्रे चालवणारे, अंधाराला सरावलेले मॉरलॉक. दोघेही एकाच माणसाचे वंशज, मालकाचे आणि मजुराचे. १९२७च्या जानेवारीत बर्लिनमध्ये झळकलेल्या फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस'ने ही कल्पना पडद्यावर कायमची कोरली. वर मनोरे आणि बागा, खाली यंत्रशाळा, आणखी खाली कामगारांची वस्ती, त्याहून खाली जुनी भुयारे. मजूर चिडून मुख्य यंत्र फोडतात, आणि बुडते ती त्यांचीच वस्ती, त्यांचीच मुले. हे दृश्य चित्रित करण्यासाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतली शेकडो मुले पाण्यात उभी केली होती. चित्रपट ज्याच्यावर बोलत होता तेच चित्रीकरणाच्या जागी घडत होते असे म्हणावे लागते.

'मेट्रोपोलिस'ची कादंबरी आणि पटकथा लांगची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची, आणि इथे मराठीचा एक धागा अनपेक्षितपणे येऊन मिळतो. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे अयी गणपत तेंडुलकर शिकायला म्हणून जर्मनीत गेले आणि बर्लिनमध्ये पत्रकार झाले. १९३३ साली लांग आणि हार्बू विभक्त झाले. त्याच सुमारास तेंडुलकर आणि हार्बू जवळ आले. नाझी राजवटीत हे लग्न उघडपणे करणे शक्य नव्हते, म्हणून ते गुपचूप झाले. महायुद्ध सुरू होण्याआधी तेंडुलकर परतले, बेळगावला वृत्तपत्र काढले आणि इंग्रजांच्या तुरुंगात गेले. हार्बू तिकडेच राहिली, नाझी राज्यात चित्रपट लिहीत राहिली. १९४५ साली तेंडुलकरांनी इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाह केला. त्यांची कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी ही सारी हकीकत पुस्तकात मांडली आहे. पाताळातल्या मजुरांची कथा लिहिणारी बाई नाझींच्या बाजूला राहते आणि तिचा नवरा स्वातंत्र्यासाठी गजाआड जातो, हे कोणत्याही कादंबरीत अतिरंजित वाटले असते.

वेल्सने 'मेट्रोपोलिस' पाहिला आणि १९२७ सालीच त्यावर सडकून टीका केली. त्याचा एक आक्षेप महत्त्वाचा होता. यंत्रयुगाला घामाघूम गुलामांच्या फौजा लागत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. यंत्र जितके सुधारेल तितके त्याच्याजवळचे हात कमी होतील. हा वाद कोयनेवर तपासून पाहता येतो.

कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिथून पाणी सांगलीवरून थेट बंगालच्या उपसागराकडे. या नदीला अडवून, पाणी सह्याद्रीच्या पोटातून उलट पश्चिमेकडे न्यायचे आणि घाटाच्या उतारावर खाली सोडून वीज करायची, हा कोयना प्रकल्प. १९५४ साली काम सुरू झाले. १०३ मीटर उंचीचे धरण सातारा जिल्ह्यात; वीजगृह मात्र घाटाखाली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोफळीत, डोंगर कोरून केलेल्या दालनात. १९६२ साली तिथे वीज निर्माण होऊ लागली. पहिल्या दोन टप्प्यांची मिळून आठ यंत्रे या एका दालनात आहेत. चौथ्या टप्प्याचे १००० मेगावॉटचे वीजगृहही असेच भूगर्भात. सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॉट. पाणी यंत्रे फिरवून वाशिष्ठीला मिळते आणि अरबी समुद्रात जाते. बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली. सांगलीच्या दुष्काळी पूर्व भागात, जत-आटपाडीकडे, हा आकडा लोकांना चांगला पाठ असतो.

१३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ या दोन दिवशी कोयनेवर जे घडले ते तर निखळ विज्ञानपटातले. जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाला खालून भोक पाडायचे. बोगदा खणत तळ्याच्या अगदी खाली आणायचा, शेवटचा खडकाचा पडदा तेवढा ठेवायचा आणि स्फोटाने तो एका क्षणात उडवायचा. वर क्षणभर पाणी उसळते, मग शांत. याला लेक टॅपिंग म्हणतात. तंत्र नॉर्वेचे, आशियात ते प्रथम इथे वापरले गेले. चित्रपटात असे दृश्य आले की पुढच्या दृश्यात सर्वनाश ठरलेला. इथे पुढच्या दृश्यात वीज आली.

वेल्स बरोबर होता का? वीजगृह चालवण्यापुरता हो. पोफळीच्या दालनात गुलामांच्या रांगा नाहीत. थोडी प्रशिक्षित माणसे पुरतात. पण दालन कोरणारे, बोगद्यात सुरुंग लावणारे हात त्याने हिशेबात धरले नाहीत, आणि पाण्याखाली गेलेली शिवारे तर 'मेट्रोपोलिस'नेही धरली नव्हती. लांगला वाटले, शहराची वीज करणारे खाली राहतात. कोयनेत ज्यांची घरे खाली गेली ते वीज करणारे नव्हते. ते नाचणी-वरी पिकवणारे होते. मुंबई-पुण्याच्या दिव्यांसाठी त्यांचे खोरे तळ्याचा तळ झाले.

याच काळात पाताळपटांनी एक नवे वळण घेतले होते. १९६५च्या 'क्रॅक इन द वर्ल्ड' या चित्रपटात, आफ्रिकेतल्या एका खोल प्रयोगशाळेत बसलेले शास्त्रज्ञ पृथ्वीच्या पोटातली उष्णता काढून जगाला अमर्याद वीज पुरवायचे ठरवतात. कवच फुटत नाही म्हणून अणुबॉम्ब डागतात. कवच फुटते, पण थांबत नाही; भेग भूकंप घडवत पृथ्वीला वळसा घालू लागते. त्यात कोणी खलनायक नाही. सद्हेतूने, लोकांच्या भल्यासाठी, विजेसाठी केलेल्या कामाने जमीन हलते. हा चित्रपट भूशास्त्राच्या दृष्टीने भाबडा आहे. पण माणसाच्या बांधकामाने भूकंप होऊ शकतो ही शंका त्याच वर्षांत कोयनेच्या काठी कुजबुजीच्या रूपात फिरत होती.

धरणात पाणी साठू लागले तशी जमीन गुरगुरू लागली. किरकोळ धक्के येत होते, यंत्रांवर त्यांची नोंद होत होती. दख्खनचे पठार अढळ मानलेले. तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग निर्धोक पट्ट्यात होता. १३ सप्टेंबर १९६७ रोजी जाणवण्याजोगा मोठा धक्का बसला. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे साडेचारच्या आत, लोक झोपेत असताना, ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, हजारांवर जखमी झाली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. पुढे ते जाड करून बळकट केले गेले. वीजनिर्मिती थांबली आणि मुंबईला अंधार म्हणजे काय ते कळले. १९७० साली नकाशा बदलला.

धरणामुळे भूकंप झाला का, हा प्रश्न लोकांनी शास्त्रज्ञांच्या आधी विचारला, आणि अनेक वर्षे त्याचे उत्तर कुरकुरत दिले गेले. आज जगभरची पाठ्यपुस्तके जलाशयामुळे चेतलेल्या भूकंपांत कोयनेचे नाव पहिले घेतात. डॉ. हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाला आयुष्य दिले. मांडणी थोडक्यात अशी. खडकात भेगा आधीपासून असतात आणि त्यांवर ताणही साठलेला असतो. तळ्याच्या पाण्याचे वजन पडते, पाणी भेगांतून खोल झिरपते, तिथला दाब वाढतो, आणि भेगेच्या दोन बाजूंना धरून ठेवणारे घर्षण ढिले पडते. धरण भूकंप निर्माण करत नाही. टेकीला आलेल्या खडकाला निमित्त देते. पावसाळ्यात तळे भरले की त्यानंतरच्या महिन्यांत धक्के वाढतात, हे निरीक्षण याच मांडणीत बसते. १९६७ नंतर ५ तीव्रतेच्या वरचे वीसेक धक्के इथे बसले, आणि सगळे सुमारे २० किलोमीटर रुंद व ३० किलोमीटर लांब अशा लहानशा पट्ट्यात. सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्याच्या कडेला वारणेवर चांदोलीचे धरण झाले. १९९०च्या दशकात ते भरल्यावर धक्क्यांचा जोर दक्षिणेला, वारणेकडेही सरकला.

एवढा लहान आणि एवढा हट्टी भूकंपपट्टा जगात दुर्मीळ. म्हणून छिद्रे पाडायचे ठरले. आधी सुमारे दीड किलोमीटरपर्यंतची नऊ छिद्रे पाडून खडकाचे नमुने काढले. वर काळा बेसाल्ट, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. गोठण्याला त्याची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर भरली. आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइट, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मधले थर नाहीत. व्हर्नचे प्रवासी पायरी-पायरीने काळ उतरत जातात. गोठण्यात एका वीतभर अंतरात दोनशे चाळीस कोटींहून अधिक वर्षे गायब आहेत. छिद्रातून निघालेल्या दंडगोल खडकांना इंग्रजीत कोअर म्हणतात, मराठीत गाभे. सिनेमातले लोक पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत जातात. कराडला गाभे खोक्यांत भरून, खोलीचे आकडे घालून ठेवले आहेत. मला हे जास्त रोमहर्षक वाटते, पण तिकीट काढून कोणी ते पाहायला येणार नाही हेही समजते.

प्रमाण ध्यानात ठेवायला हवे. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे छिद्र १२ किलोमीटरच्या वर गेले आणि १९८९ नंतर उष्णतेपुढे थांबले. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. गोठण्याचे तीन किलोमीटर म्हणजे आंब्याच्या सालीवर नखाचा ओरखडाही नव्हे. तरी तेवढ्यात शेजारी सापडले. खरगपूरच्या आयआयटीतल्या प्रा. पिनाकी सार यांच्या गटाने कोयनेच्या खोल खडकांतल्या नमुन्यांत सूक्ष्मजीव शोधले: उजेड नाही, अन्न जवळजवळ नाही, आणि ग्रॅनाइटच्या भेगांत रसायनांवर तगून राहिलेले जीव. पाताळात वस्ती असल्याचा सिनेमावाल्यांचा हट्ट अशा तऱ्हेने अंशतः खरा ठरला. ते अंधारात चमकत नाहीत, आणि त्यांच्या मागे बंदुका घेऊन कोणी लागलेले नाही.

छिद्रे बुजवली नाहीत. त्यांतल्या काहींत भूकंपमापक उतरवले आहेत. वरच्या रस्त्यांची, वाऱ्याची गडबड तिथे पोहोचत नाही, त्यामुळे अगदी बारीक धक्काही ऐकू येतो. पुढे आणखी खोल, सहा किलोमीटरपर्यंत जाण्याचा विचार आहे, कारण इथल्या धक्क्यांचा उगम बहुधा त्या खोलीच्या आसपास असतो. भूकंप होण्याच्या क्षणी भेगेत काय घडते ते जागेवरून ऐकायचे, हा मनसुबा. तो साधला तर त्याचा लाभ कोयनेपुरता राहणार नाही.

खडकाचे ऐकायला आपण अशी तीन किलोमीटरची नळी घातली. तळ्याच्या तळाशी ज्यांची घरे आहेत त्यांचे ऐकायला इतके खोल जावे लागत नव्हते. शंभरच्या आसपास गावे पूर्णतः किंवा अंशतः पाण्याखाली गेली. माणसे विखुरली: काही सातारा-सांगलीत, काही सोलापूरला, काही थेट रायगड-ठाण्यापर्यंत. वरकस डोंगरात शेती केलेल्यांना कोरड्या माळावर नेऊन सोडले. कित्येक परत आले आणि तळ्याच्या काठावरच्या उंचवट्यावर, आपल्याच बुडालेल्या शिवाराच्या वर, खोपटी घालून राहिले. तिथे पुढे अभयारण्य झाले आणि त्यांना पुन्हा उठवायची भाषा सुरू झाली. श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर यांनी या खातेदारांना संघटित केले. २०१८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोयनानगरला हजारो धरणग्रस्त आठवड्यांवर ठिय्या देऊन बसले होते. धरण झाले तेव्हा तरुण असलेले त्यांत होते, त्यांची मुले होती, नातवंडे होती. मागणी एकच, सहा दशके जुनी: जमिनीच्या बदल्यात जमीन. मार्गी न लागलेल्या खातेदारांच्या याद्या तेव्हा कुठे नव्याने तयार करायला घेतल्या गेल्या.